गडद तपकिरी पट्टी, पांढरी गोट आणि विक्रेत्याचा ‘गाउलायटर’

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: युरोपातल्या एका विक्रेत्याने फिकट तपकिरी रंगाचा, सोनेरी बटणांचा एक कोट विकायला काढलाय. कॉलरच्या दोन्ही टोकांना गडद तपकिरी पट्ट्या, त्यांना पांढरी गोट आणि वर सोनेरी नक्षी. डाव्या दंडावर लाल पट्टी, तिच्यावर सोनेरी काही नाही. खाली लिहिलंय, ‘नाझी पक्षाच्या गाउलायटरचा अस्सल युद्धकालीन कोट’. किंमतही गाउलायटरला, म्हणजे पक्षाच्या प्रांतप्रमुखाला, शोभेल अशीच. कोट खरा आहे का, हुद्दा कोणता आणि तो पुण्यात मागवता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

शेवटच्या दोन प्रश्नांची बरीचशी उत्तरं देता येतील. पहिल्याचं उत्तर फोटोवरून कोणीही छातीठोकपणे देत असेल तर त्याच्यापासून चार हात लांब राहा. कोट खरा असू शकतो, पट्ट्या खऱ्या असू शकतात आणि तरीही दोघांची गाठ गेल्या पन्नास वर्षांत कोणीतरी घालून दिलेली असू शकते. या प्रकारच्या कपड्यांत सर्वात जास्त फसवणूक नेमकी तिथेच होते. पूर्ण नकली कोट शिवायला मेहनत लागते. खऱ्या पण साध्या कोटावर वरच्या हुद्द्याची पट्टी टाकायला अर्धा तास पुरतो.

तरीही एक गोष्ट तुमच्या वर्णनावरूनच सांगतो. गडद तपकिरी पट्टी आणि पांढरी गोट ही गाउलायटरची असूच शकत नाही. का, ते समजून घेतलंत तर पुढच्या वेळी विक्रेत्याचं शीर्षक वाचायचीही गरज पडणार नाही.

हे सैन्याचे गणवेश नव्हेत. नाझी पक्षाचे जे पगारी आणि बिनपगारी पदाधिकारी होते, ज्यांना जर्मनमध्ये ‘पोलिटिशे लायटर’ म्हणत, त्यांचे हे कपडे. पक्षाची उतरंड अशी होती: तळाला घरांचा ‘ब्लॉक’, काही ब्लॉक मिळून ‘झेले’, त्यावर गाव किंवा वॉर्डाएवढा ‘ओर्ट्सग्रुप’, त्यावर आपल्या तालुका-जिल्ह्याच्या मधला ‘क्राइस’, त्यावर प्रांताएवढा ‘गाउ’ आणि सर्वात वर ‘राइख’, म्हणजे मध्यवर्ती कार्यालय. गणवेशाच्या दृष्टीने यातल्या चारच पातळ्या लक्षात ठेवायच्या: ओर्ट, क्राइस, गाउ, राइख. ब्लॉक आणि झेलेवाले ओर्टच्याच रंगात येतात.

१९३९ मध्ये या चिन्हांची नवी पद्धत आली आणि बाजारात येणारे बहुतेक कोट तिच्यातलेच असतात, म्हणून तीच सांगतो. आधीच्या काळात नमुने दोन-तीनदा बदलले. ते वेगळं प्रकरण आहे आणि नवख्याने त्यात लगेच शिरू नये.

या पद्धतीत कोटावर तीन वेगवेगळ्या गोष्टी तीन वेगवेगळ्या जागी सांगितलेल्या असतात. कॉलरपट्टीचा रंग आणि तिची गोट सांगते की माणूस कोणत्या पातळीच्या कार्यालयात होता. पट्टीवरची सोनेरी नक्षी सांगते त्याचा दर्जा. आणि दंडावरची पट्टी सांगते तो त्या कार्यालयात नेमका कोणत्या पदावर बसला होता. विक्रेते या तिन्हीची खिचडी करतात आणि तिच्यातून सर्वात महाग शब्द उचलतात.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. पोलीस निरीक्षकाच्या खांद्यावर तीन स्टार असतात आणि उपअधीक्षकाच्याही तीनच. फरक काय? निरीक्षकाच्या स्टारखाली लाल-निळी फीत असते, उपअधीक्षकाच्या नसते. आणि ते तीन स्टारवाले निरीक्षक पोलीस ठाण्याचे प्रमुख आहेत की कुठल्या शाखेत टेबलावर बसतात, हे खांद्यावरून कळतच नाही. नुसते स्टार मोजणारा तिथे जसा फसतो, तसाच इथे नुसती सोनेरी पानं मोजणारा फसतो.

आता रंग. ओर्टची पट्टी फिकट तपकिरी, तिला फिकट निळी गोट. क्राइसची पट्टी गडद तपकिरी, पांढरी गोट. गाउची भडक लाल, गडद लाल गोट. राइखची किरमिजी, सोनेरी पिवळी गोट. म्हणजे तुमचा कोट, आहे तसा धरला तर, क्राइस पातळीचा आहे. गाउलायटर हा गाउचा प्रमुख. तो क्राइसची पट्टी लावणार नाही. युद्धकाळात संपूर्ण राइखमध्ये गाउ होते चाळीस-बेचाळीस. म्हणजे एका वेळी गाउलायटरही तेवढेच. उलट पक्षाचे एकूण पदाधिकारी लाखांत होते. बाजारात ‘गाउलायटरचे कोट’ किती दिसतात ते मोजलंत तर हिशेब जुळत नाही हे कोणालाही कळेल.

रंग ओळखताना दोन सापळे आहेत, आणि दोन्ही मोबाइलच्या फोटोत हमखास लागतात.

पहिला सापळा लालचा. गाउचा भडक लाल आणि राइखचा किरमिजी पिवळ्या बल्बखाली सारखेच दिसतात. म्हणून पट्टीच्या कापडाकडे पाहून ठरवू नका, गोटेकडे पाहा. गडद लाल गोट आणि सोनेरी गोट यांत गोंधळ होत नाही.

दुसरा सापळा तुमच्या थेट कामाचा. फिकट निळा रंग उन्हाने आणि धुण्याने उडतो आणि ऐंशी वर्षांनी तो मळकट पांढरा दिसतो. ओर्टची निळी गोट अशी पांढरी झाली आणि वर फोटोत फिकट तपकिरी कापड थोडं गडद आलं, की साधा ओर्टचा कोट आपोआप ‘क्राइस’ होतो. यात विक्रेत्याची लबाडी असेलच असं नाही. बऱ्याचदा त्यालाही माहीत नसतं. तपासायचं कसं? गोट पट्टीच्या कडेला दुमडून शिवलेली असते. तिचा जो भाग पट्टीखाली दबलेला असतो, तिथे ऊन पोचत नाही. दिवसाच्या उजेडात, लाकडी पातळ पट्टीने (आइसक्रीमची काडी चालते) कड एखादा मिलिमीटर उचलून भिंगातून बघायचं. आत निळी छटा दिसली की प्रश्न मिटला.

पट्टीवरची नक्षी म्हणजे सोनेरी फुल्या, सोनेरी फितींचे आडवे तुकडे, ओकची पानं आणि गरुड यांच्या वेगवेगळ्या जुळण्या. साधारण तीस दर्जे होते आणि प्रत्येकाची जुळणी वेगळी. तक्ता तोंडपाठ करायच्या भानगडीत पडू नका, पण नावांची रचना एकदा समजून घ्या, म्हणजे तक्ता वाचता येतो. मुळात आठ शब्द आहेत आणि खालून वर त्यांचा क्रम असा: आर्बाइट्सलायटर, बेराइटशाफ्ट्सलायटर, आइनझाट्सलायटर, गेमाइनशाफ्ट्सलायटर, आबश्निट्सलायटर, बेराइखस्लायटर, डीन्स्टलायटर, बेफेल्सलायटर. प्रत्येकाच्या तीन पायऱ्या: नुसता शब्द, मग आधी ‘ओबर’ लावून, मग ‘हाउप्ट’ लावून. या सगळ्यांच्या खाली उमेदवार आणि ‘हेल्फर’, म्हणजे मदतनीस. सगळ्यांच्या वर गाउलायटर आणि राइख्सलायटर.

यातली खरी गोम अशी की दर्जा आणि पद एकमेकांना बांधलेले नव्हते. एकाच पदावर वेगवेगळ्या दर्जाची माणसं असत. एखादा नवा ओर्ट्सग्रुपनलायटर आणि पंधरा वर्षं त्याच खुर्चीवर बसलेला ओर्ट्सग्रुपनलायटर यांच्या कॉलरवर वेगळी नक्षी असे. त्यामुळे कॉलर पाहून ‘हा ओर्ट्सग्रुपचा प्रमुख होता’ असं म्हणता येत नाही. ते सांगणार दंडपट्टी. १९३९ नंतरच्या दंडपट्ट्यांवर स्वस्तिकाच्या वर्तुळाच्या आजूबाजूला आणि कडांना सोनेरी पट्ट्या, ओकच्या पानांची वेलबुट्टी अशी पदानुसार सजावट असते. तुमच्या फोटोतल्या दंडपट्टीवर तुम्ही म्हणता त्याप्रमाणे काहीच सोनेरी नसेल, तर ती एक तर पक्षाची साधी पट्टी आहे किंवा नंतर कोणीतरी सरकवलेली. क्राइसच्या कोटावर नुसती साधी दंडपट्टी दिसली की मी तरी ती कोटाची मानत नाही, सुटी वस्तू म्हणून धरतो आणि किंमतही तशीच लावतो.

पद ओळखण्याचा हा किस काढायचा कशाला, असं वाटेल. कारण न्यूरेंबर्गच्या आंतरराष्ट्रीय लष्करी न्यायाधिकरणाने १९४६ च्या निकालात या पदाधिकाऱ्यांच्या वर्गालाच गुन्हेगारी संघटना ठरवलं आणि तिची रेषा पदावरून आखली. गाउलायटर, क्राइसलायटर, ओर्ट्सग्रुपनलायटर त्यात आले. राइख, गाउ आणि क्राइसच्या कार्यालयांतले विभागप्रमुख आले. झेलेलायटर आणि ब्लॉकलायटर वगळले गेले. १ सप्टेंबर १९३९ पूर्वी पद सोडलेलेही वगळले गेले. म्हणजे तुमच्यासमोरचा कोट त्या रेषेच्या कोणत्या बाजूचा, हे दंडपट्टी आणि रंग मिळून सांगतात. संग्रह करायचा तर वस्तूचं हेच मोल आहे. सोन्याची चमक नव्हे. जर्मन लोक स्वतः या मंडळींना ‘गोल्डफाझान’, म्हणजे सोनेरी फेझंट पक्षी, म्हणून हिणवत, ते काही उगाच नाही.

हे नाव मात्र शोधताना जपून वापरा. १९४१ मध्ये नाझी नेता आल्फ्रेड रोझेनबर्गच्या हाताखाली व्याप्त पूर्वेकडच्या प्रदेशांसाठी वेगळं मंत्रालय निघालं. त्याच्या अधिकाऱ्यांचा गणवेशही पिवळट तपकिरी होता आणि त्यांनाही लोक याच नावाने ओळखत. त्यांची चिन्हं स्वतंत्र आहेत. एसए, म्हणजे पक्षाची निमलष्करी संघटना, हिचा तपकिरी शर्ट हाही वेगळा विषय. तिथे सर्वात वरचे हुद्दे सोडले तर दोन्ही कॉलरपट्ट्या वेगळ्या असतात, एकीवर तुकडीची खूण आणि दुसरीवर हुद्दा. पक्षाच्या पदाधिकाऱ्याच्या कोटावर १९३९ नंतर दोन्ही पट्ट्या सारख्याच असतात. डावी-उजवी वेगळी दिसली की थांबायचं.

आता खरं-खोटं. माझा क्रम ठरलेला आहे: आधी कोट, मग पट्ट्या, मग दोघांचं नातं, आणि सर्वात शेवटी कागदपत्रं. बहुतेक लोक उलट करतात. आधी गोष्ट ऐकतात, मग कोट बघतात, आणि गोष्ट आवडली की कोटही आवडतो.

कोट बघताना आतून सुरुवात करा. हे पदाधिकारी आपले गणवेश स्वतःच्या पैशाने, पक्षाने मान्यता दिलेल्या दुकानांतून घेत किंवा शिंप्याकडून शिवून घेत. म्हणून आतल्या खिशात शिंप्याचं लेबल, कधी मालकाचं नाव आणि तारीख सापडते. मान्यतेचा हा कारभार म्युनिकच्या ‘राइख्सत्सॉइगमाइस्टराय’कडे होता. त्याची आरझेडएम ही अक्षरं वर्तुळात गुंफलेली खूण कागदी किंवा कापडी चिठ्ठीवर आणि धातूच्या भागांवर येते. धातूवर तिच्यासोबत गटाचा आकडा असतो: बिल्ल्यांसाठी एम१, पट्ट्याच्या बकलसाठी एम४, बटणं आणि तत्सम भागांसाठी एम५, खंजिरांसाठी एम७, आणि पुढे तिरप्या रेघेनंतर कारखान्याचा क्रमांक. बटणाच्या पाठीवर एम७ दिसलं तर ते बटण कोणी केलं असेल ते तुम्हीच समजा. अर्थात खूण असणं हा पुरावा नव्हे, कारण पहिली नक्कल खुणेचीच होते. पण चुकीची खूण असणं हा मात्र भक्कम पुरावा आहे.

कापड लोकरी, सुती किंवा मिश्र असू शकतं. शिलाईचा दोरा पॉलिस्टरचा असेल तर ती शिलाई युद्धानंतरची, यात वाद नाही. पॉलिस्टर बाजारात आलं ते युद्ध संपल्यावर. तपासण्यासाठी शिवणीच्या आतल्या दाबातून पाच मिलिमीटरचा एकच तंतू काढायचा, चिमट्यात धरून काडीने पेटवायचा. लोकर चरचरते, जळक्या केसांचा वास येतो, ज्योत काढली की विझते आणि राख बोटात चुरते. सूत आणि व्हिस्कोज कागदासारखं जळतं, मऊ करडी राख राहते. पॉलिस्टर आकसतं, काळा धूर सोडतं आणि टणक मणी उरतो. मात्र एका ठिकाणच्या पॉलिस्टरवरून सगळा कोट नकली ठरवू नका. सुटलेलं अस्तर १९७० साली कोणीतरी दुरुस्त केलेलं असू शकतं. पाठीची मधली शीव, बगल आणि कॉलरचा जोड अशा तीन ठिकाणचे दोरे बघा. तिन्हीकडे पॉलिस्टर निघालं तर कोट परत.

अतिनील दिव्याबद्दल फार गैरसमज आहेत. ३६५ नॅनोमीटरचा दिवा घ्या. स्वस्त जांभळ्या बॅटऱ्या ३९५ च्या असतात आणि त्यांचा जांभळा उजेडच डोळ्यात जातो. अंधाऱ्या खोलीत धागा निळसर-पांढरा भक्कन चमकला तर त्यात पांढरेपणा आणणारं रसायन आहे. ही रसायनं कापडात आणि साबणात सर्रास आली ती युद्धानंतर. पण खरा जुना कोट कोणी गेल्या वर्षी साध्या डिटर्जंटमध्ये बुडवला असेल तर तोही चमकतो. फरक असा की धुतलेला कोट सगळीकडे सारखा, मंद चमकतो. नकली कोटात नेमके दोरे किंवा गोट रेघेसारखी उठून दिसते. आणि काही चमकलं नाही म्हणून कोट खरा, असं तर अजिबात नाही. नकली करणाऱ्यांकडेही दिवे आहेत.

जुनं दिसावं म्हणून चहाच्या पाण्यात बुडवलेले कोटही येतात. खिशाचा तळ बाहेर काढा. खऱ्या जुन्या खिशाच्या कोपऱ्यात तंतूंची आणि धुळीची घट्ट गुठळी असते, आणि शिवणीच्या आत दबलेलं कापड बाहेरच्यापेक्षा ताजं असतं. चहात बुडवलेल्याचा डाग शिवणीच्या आतही तेवढाच गडद असतो. घामाची खूण मानेच्या आतल्या घडीला आणि बगलेच्या अस्तरावर हवी. बाहेरून झिजलेला आणि आतून कोरा कोट म्हणजे कोणीतरी दगडावर घासलेला कोट.

पट्ट्यांवरच्या कलाबतूचा विषय आपल्याला जवळचा आहे. सियालकोट आणि वाराणसीचे जरदोजी कारागीर जगभरच्या सैन्यांचे बिल्ले भरून देतात, आणि त्याच हातांची जर्मन चिन्हंही बाजारात येतात. काम सुबक असतं, कधी कधी मूळपेक्षा सुबक. म्हणून ‘भरतकाम सुंदर आहे’ हा निकष टाकून द्या. बघायचं ते साहित्य. मूळ पट्ट्यांवर एक तर मुलामा दिलेली खरी तार असते, जी काळवंडते. किंवा ‘सेलियन’ नावाचा सेलोफेनवर आधारलेला सोनेरी धागा असतो, जो काळा पडत नाही, किंचित नारिंगी झाक देतो आणि म्हातारपणी ठिसूळ होऊन वाकवलेल्या जागी तुटतो. नव्या नकलांत धातूचा मुलामा दिलेला पॉलिस्टरचा चपटा धागा असतो. भिंगातून तो पतंगाच्या चमकीसारखा सपाट दिसतो. कडेला सुटलेलं एखादं टोक पेटवलं तर मणी होतो. पट्टीच्या पाठीवर ताठपणासाठी लावलेलं कापड किंवा पुठ्ठा, आणि नशीब असेल तर मान्यतेची चिठ्ठी असते. ती चिठ्ठी कोटावर शिवलेल्या पट्टीच्या आत अडकलेली असेल, तर तिला पट्टी काढून बघायचा मोह टाळा. काढलेली पट्टी पुन्हा जुन्या भोकांतून शिवली तरी पुढचा माणूस तुमच्यावरच शंका घेतो.

आता दोघांचं नातं, म्हणजे तुमच्या प्रश्नाचा गाभा. कॉलर उलटी करा आणि पट्टीच्या मागची बाजू भिंगाखाली घ्या. टाके हाताचे हवेत, लहान आणि दोन्ही बाजूंना एकाच हाताचे वाटावेत असे. ते कॉलरच्या खालच्या थरापर्यंत आलेले असोत किंवा वरच्या थरातच अडकलेले असोत, दोन्ही पद्धती शिंपी वापरत. बघायचं ते हे की दोऱ्याचा रंग आणि मळ आजूबाजूच्या शिवणीशी जुळतो का. मग वरून, तीच काडी घेऊन पट्टीची कड जेमतेम उचला. खाली दबलेलं कापड बाकी कॉलरपेक्षा गडद, ताजं असलं पाहिजे आणि त्या ताज्या भागाची कड पट्टीच्या कडेशी तंतोतंत जुळली पाहिजे. खाली आणि बाहेर रंग एकच असेल तर पट्टी अलीकडे लावलेली आहे, किंवा कोट कधी वापरलाच नाही. ताजा भाग पट्टीपेक्षा मोठा किंवा वेगळ्या आकाराचा असेल तर तिथे आधी दुसरी पट्टी होती.

इथे घाई करू नका. दुसरी पट्टी होती म्हणजे लबाडी, असं नाही. लेबलवर १९३७ ची तारीख असलेल्या कोटावर १९३९ च्या नमुन्याची पट्टी असेल, तर ती बदललेली असणारच. नियम बदलले तेव्हा माणसांनी कोट फेकले नाहीत, पट्ट्या बदलल्या. अशा कोटाखाली जुनी भोकं सापडली तर ती कोटाच्या बाजूने साक्ष आहे. उलट लेबल १९४१ चं आणि पट्टी १९३९ च्या आधीच्या नमुन्याची, याचा खुलासा करणं अवघड. आणि लेबल १९४१ चं, पट्टी १९३९ च्या नमुन्याची पण खाली आणखी एक भोकांची रांग, असं असेल तर दोन शक्यता: माणसाला खरी बढती मिळाली, किंवा कोटाला विक्रेत्याने बढती दिली. निकाल दोऱ्याच्या वयावर.

रंगांची जुळणीही तपासा. टोपी सोबत विकत असतील तर तिची गोट त्याच पातळीची हवी: ओर्टला फिकट निळी, क्राइसला पांढरी, गाउला गडद लाल, राइखला सोनेरी. कोटाच्या कॉलरला स्वतःची गोट असेल तर तीही पट्टीशी जुळली पाहिजे. विक्रेते संच बनवतात तेव्हा कोट आणि पट्टी जुळवतात आणि टोपी विसरतात.

कागदपत्रांचं एवढंच: आत नाव सापडलं तर पक्षाच्या सदस्यांची कार्डं बर्लिनच्या संघीय अभिलेखागारात, बुंडेसआर्किव्हमध्ये, आहेत. आधी ती अमेरिकेच्या ताब्यातल्या बर्लिन डॉक्युमेंट सेंटरमध्ये होती, १९९४ मध्ये जर्मनीकडे आली. नाव आणि जन्मतारीख असेल तर तिथे अर्ज करता येतो. नुसतं आडनाव मुलर किंवा श्मिट असेल तर वेळ घालवू नका.

मागवण्याबद्दल. भारतात या चिन्हांवर स्वतंत्र बंदी घालणारा कायदा नाही. जर्मनीत दंडसंहितेच्या ८६ अ कलमाखाली ती सार्वजनिकरीत्या मिरवणं आणि प्रसारित करणं गुन्हा आहे. शिक्षण, संशोधन, इतिहास यांसाठी अपवाद आहेत. म्हणून तिथली लिलावघरं चित्रात स्वस्तिक झाकतात आणि बोली लावण्याआधी हेतूची घोषणा लिहून घेतात. ऑस्ट्रियात कायदा अधिक कडक आहे. ऑस्ट्रेलियात ८ जानेवारी २०२४ पासून अशा चिन्हांच्या वस्तूंच्या व्यापारावरच संघीय बंदी आली, म्हणून तिथल्या विक्रेत्याशी व्यवहार करू नका. आपल्याकडची अडचण सीमाशुल्काची आहे. पार्सलवर ‘वापरलेले कपडे’ असं लिहून आलं तर ते ६३०९ या शीर्षकात जातं आणि त्याची आयात निर्बंधित, म्हणजे परवाना लागणाऱ्या, यादीत आहे. ऐतिहासिक संग्राह्य वस्तूंचं शीर्षक ९७०५ आहे. पैसे पाठवण्याआधी कस्टम्स एजंटला वस्तूचं वर्णन दाखवून विचारा आणि विक्रेत्याकडून बिलावर तेच वर्णन लिहून घ्या. सोबत खंजीर देतो म्हणाला तर नको म्हणा. एका पार्सलसाठी दोन भांडणं कशाला.

आणि घरी आल्यावर तो कोट अंगात घालून फोटो काढू नका. आपल्याकडे हिटलरबद्दल जे भाबडं आकर्षण आहे त्याचा इतिहास चांगला नाही. खारघरमध्ये २००६ साली त्याच्या नावाचं उपाहारगृह निघालं होतं, मुंबईच्या ज्यू समाजाने आक्षेप घेतला आणि नाव बदलावं लागलं. उंबऱ्यावरच्या स्वस्तिकाशी याचा संबंध नाही, हे पाहुण्याला समजावण्यापेक्षा कोट कपाटात आणि त्याची नोंद वहीत असलेली बरी.

कपाटाबद्दल दोन शब्द, कारण आपल्या पावसाळ्यात कोट कसरीने आणि बुरशीने जातात. दमटपणा ४५ ते ५५ टक्क्यांत ठेवायचा. जुलैत मुंबई-पुण्यात हे डिह्युमिडिफायरशिवाय जमत नाही. तारेचा हँगर नको. आम्लमुक्त कागदात, घड्यांमध्ये कागदाच्या गुंडाळ्या घालून आडवा ठेवा. डांबरगोळ्या नकोत, वास जात नाही आणि प्लास्टिकच्या भागांना त्या चिकटवतात. कसर दिसली तर कोट जाड पॉलिथिनमध्ये हवाबंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा, बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता २४ तास थांबा, नाहीतर आत दव धरतं. त्याआधी मिन्याचा बिल्ला काढून घ्या, थंडीने मिना तडकतो. टोपीच्या आतला पारदर्शक चौकोन जुन्या सेल्युलॉइडचा असू शकतो; तो सडताना आम्लवाफा सोडतो आणि शेजारच्या सोनेरी बटणांना हिरवं करतो. टोपी कोटासोबत एका पेटीत ठेवायचीच नाही.

तर विक्रेत्याकडे आज एवढंच मागा: दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदाशेजारी ठेवलेल्या डाव्या पट्टीचा जवळून फोटो, कॉलर उलटून दोन्ही पट्ट्यांच्या मागच्या टाक्यांचा फोटो, आतल्या खिशाचं लेबल, एका बटणाची पाठ, आणि दंडपट्टी सरकवून खालच्या बाहीचा रंग. पाच फोटो, दहा मिनिटांचं काम. ‘गाउलायटर’ हा शब्द कशावरून लिहिला, हेही विचारा. फोटो आले आणि शब्द मागे घेतला तर क्राइसच्या कोटाच्या भावाने बोलणी सुरू करा. फोटोंऐवजी कोटाची हकीकत आली तर दुसरा कोट शोधा.